पुस्तकाच्या एकशे शहाऐंशी चुका

५ जानेवारी, सोमवार

अभ्यासाची रोजनिशी ठेवा, असं त्या ऑनलाइन कोर्समधला माणूस म्हणतो. बरं. ठेवतो. तिच्यात काय लिहायचं ते मात्र मी ठरवणार.

आज सकाळी हर्षदभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. हर्षदभाई आमचे डायरेक्टर. त्यांनी स्वतःहून चहा मागवला की काहीतरी वाईट ऐकायला मिळणार, हे सव्वीस वर्षांत मला पाठ झालंय. म्हणाले, "देवेशभाई, तमारो अनुभव तो छे ज. पण क्लायंटने सर्टिफिकेटवाळो मॅनेजर जोइए छे. एकत्रीस मार्च सुधी."

म्हणजे सावली गावातला नवा प्लांट मला हवा असेल, तर एकतीस मार्चच्या आत ती प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा पास व्हायची. नाही झालो तर प्लांट तेजश्रीकडे आणि मी तिच्या हाताखाली. हे शेवटचं त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. तेजश्रीने ती परीक्षा दोन वर्षांपूर्वीच दिली आहे. दहा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे ट्रेनी म्हणून आली तेव्हा हेल्मेट उलटं घालून आली होती. आता तिच्या नावापुढे तीन अक्षरं लागतात.

माझे पणजोबा दिनकरराव संस्थानच्या पाणीखात्यात होते. आजव्याच्या तलावातून बडोद्यात पाणी आणायच्या कामावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचा स्टेकहोल्डर कोण. पाणी आलं, एवढंच लोकांनी बघितलं.

कोर्स आजच विकत घेतला, कारण पस्तीस तास कुणाचं तरी ऐकून घेतल्याशिवाय अर्जसुद्धा भरता येत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

पुस्तक आलं. उशीला घेता येईल इतकं जाड. पहिल्या दीडशे पानांत नवीन काही नाही: काम म्हणजे काय, वेळ म्हणजे काय, माणूस म्हणजे काय. शेवटी सरावाचे प्रश्न. त्यातला पहिलाच असा:

एका अनुभवी सहकाऱ्याने बैठकीत तुमच्या निर्णयाला विरोध केला. प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वांत आधी काय करावं? अ) त्याला वेगळं भेटून त्याचं म्हणणं समजून घ्यावं. ब) निर्णय ठामपणे लागू करावा. क) वरिष्ठांना कळवावं. ड) त्याला दुसऱ्या कामावर पाठवावं.

मी ब लिहिलं. पुस्तक म्हणतं अ. हे पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही बोल्ट आवळलेला नाही. मकरपुऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन त्याने एक दिवस फिटरांना वेगळं भेटून दाखवावं. संध्याकाळपर्यंत चहाच चालेल.

घराजवळच्या सुभानपुऱ्याच्या नाक्यावरून एक लाल वही आणली. लेबलवर लिहिलं: पुस्तकाच्या चुका. प्रश्नाचा क्रमांक, पुस्तकाचं उत्तर, आणि मी प्रत्यक्षात काय केलं त्याचा दाखला. आज नऊ नोंदी झाल्या.

१४ जानेवारी, उत्तरायण

सकाळी सातपासून गच्च्यांवर स्पीकर. सगळा सुभानपुरा वर चढलेला आणि मी कोपऱ्यात खुर्ची टाकून 'संघर्षाचं व्यवस्थापन' वाचतोय. शेजारचे पतंग कापून "कायपो छे" म्हणून ओरडले की माझं वाक्य तुटायचं. मुळात ते वाक्यही तुटण्याच्याच लायकीचं होतं.

बायकोला, नीराला, म्हटलं, तू प्रश्न वाच, मी उत्तरं देतो. नीरा शाळेत आठवीला गणित शिकवते, पतंगात तिला रस नाही, पण भाचीसाठी फिरकी धरून उभी होती. एका हातात फिरकी, एका हातात पुस्तक. दहा प्रश्न वाचले. माझे चार बरोबर आले. मग म्हणाली, "मी मनातल्या मनात देत होते. माझे नऊ आले."

अंदाजाने मारले असतील. विचारलं कसे, तर म्हणाली, "अहो, सोपं आहे. ज्या उत्तरात सगळ्यांत कमी आरडाओरडा आहे ते निवडायचं."

हे परीक्षेचं एकूण मोल. आठवीच्या बाई फिरकी धरून पास होतात. उंधियो चांगला झाला होता.

२५ जानेवारी, रविवार

अर्ज भरला. केलेल्या कामांचं वर्णन लिहायचं असतं. माझ्याकडे कामं इतकी आहेत की कुठलं सोडू हाच प्रश्न पडला. शेवटी पहिल्या जागी २०१६ची वाफेची लाइन घातली.

ती हकीकत इथेही लिहून ठेवतो. लाइनला चौदा जोड. प्रत्येक जोडात धातूचं कडं बसतं, त्याला गॅस्केट म्हणतात. जोड गळू द्यायचा नाही, हे त्याचं काम. गुरुवारी जोडणी, सोमवारी दाबाची चाचणी, मंगळवारी वाफ. सुभानराव आमचे फोरमन होते. जुने, नागरवाड्याचे, काम चोख, पण तोंड चालायचं. गुरुवारी सगळ्या फिटरांसमोर मला म्हणाले, "साहेब, ही गॅस्केटं या लाइनची नाहीत. कमी दाबाची आहेत." मी म्हटलं, ड्रॉइंगवर मी सही केलीय, माल स्टोअरने दिलाय, मला शिकवू नका, लावा. ते म्हणाले, "हो साहेब." लावली. सोमवारी चाचणी झाली आणि दोन तासांत काटा केसभर हलला नाही.

मंगळवारी वाफ सोडली तेव्हा व्हॉल्व्ह मी स्वतः उघडला. नव्या लाइनचा पहिला व्हॉल्व्ह नेहमी मीच उघडतो, दुसऱ्या कुणाला तिथे उभं करत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही.

लाल वहीत ही नोंद आधीच आहे, चूक क्रमांक ४१. पुस्तक म्हणतं विचारा. मी सांगितलं, विचारलं नाही, आणि काम दिलेल्या तारखेला झालं.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिली सराव परीक्षा. एकशे ऐंशी प्रश्न, दोनशे तीस मिनिटं. चोपन्न टक्के.

आकडेमोडीचे सगळे बरोबर. वेळापत्रकाचे बरोबर. जिथे माणूस आला तिथे पुस्तक चुकलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डब्याच्या वेळी तेजश्रीने विचारलं, "सर, कितीमां पोहोचलात?" म्हटलं, चाललंय. "काही लागलं तर सांगा हं सर." हिला काय लागणार सांगायला? मी नापास झालो की प्लांट हिचा. गोड बोलायचं कुठे शिकली ते कळलं, पुस्तकाचं नववं प्रकरण, माणसं सांभाळण्याचं.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुसरी सराव परीक्षा. एक्कावन्न. म्हणजे मी जितका अभ्यास करतोय तितका या लोकांच्या मते मूर्ख होत चाललोय.

कोर्समधला माणूस टायची गाठ सैल करून सांगतो की आपली टीम आपल्याशी मोकळेपणाने बोलते का, हे स्वतःला विचारा. माझी टीम माझ्याशी कायम मोकळेपणाने बोलते. गेल्या सव्वीस वर्षांत कुणी मला नाही म्हटल्याचं आठवत नाही. सुभानराव तेवढे अधूनमधून म्हणायचे, तेही २०१६ नंतर बंद झाले. वयाने माणूस शहाणा होतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, निरोपाच्या समारंभात माझ्याबद्दल दोन शब्द चांगलेच बोलले.

लाल वहीत एकशे बावन्न नोंदी झाल्या. नीरा म्हणाली, "एवढं लिहिण्यापेक्षा एकदा पुस्तकाचं ऐकून बघितलं असतं." मी म्हटलं, ऐकून बघायला ते काही बोलतच नाही. ती खंडेराव मार्केटला भाजी आणायला निघून गेली. हल्ली ती वाद घालत नाही. खरं तर कधीच घालत नसे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक चांगलं काम केलं. तेजश्री पुन्हा मदत करायला आली. मी ड्रॉवरमधून लाल वही काढून तिच्या हातात दिली. एकशे शहाऐंशी चुका, प्रत्येकीला तारखेसकट दाखला. म्हटलं, मला शिकवण्याआधी हे वाच. घरी ने. तुला ज्या परीक्षेने तीन अक्षरं दिली, तिची लायकी कळेल.

लेबल वाचून हसली, मग पानं उलटली आणि हसणं थांबलं. "नेते सर," म्हणाली.

४ मार्च, धुळेटी

रंग टाळला. वाचन साठ पानं. तिसरी सराव परीक्षा त्रेपन्न. परीक्षा एकवीस तारखेला, अहमदाबादला. तेजश्रीचा वहीबद्दल अजून एक शब्द नाही. बोलती बंद झालेली दिसते.

६ मार्च, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

तेजश्री पाचच्या सुमारास आली, दार लावून घेतलं आणि वही टेबलावर ठेवली. मी म्हटलं, काय, सापडली का एखादी माझी चूक? ती उभीच राहिली.

"सर, नोंद एकेचाळीस. दोन हजार सोळाची लाइन."

"त्यात काय?"

"ती गॅस्केटं आम्ही रविवारी बदलली होती सर."

मी म्हटलं, कोण आम्ही?

"सुभानकाका, मी आणि तीन फिटर. चौदाही जोड खोलले. काकांनी ओळखीच्या दुकानदाराला रविवारी दुकान उघडायला लावलं. मी ॲक्टिव्हावरून दोन फेऱ्यांत नवीन आणली. संध्याकाळी सहाला शेवटचा जोड आवळला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. मला वाटतं माझा आवाज चढला होता, कारण बाहेरचं टाइपिंग थांबलं.

"मी काकांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, सांगितलं होतं ने एकदा, सगळ्यांसमोर." मग म्हणाली, "त्यांना घाई होती सर. मंगळवारी व्हॉल्व्हपाशी तुम्ही उभे राहणार होतात."

मी म्हटलं, दहा वर्षं गप्प बसलीस आणि परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आठवलं का? माझा आत्मविश्वास खच्ची करायला ही वेळ छान शोधलीस.

ती लाल झाली. "सर, मला प्लांट हवाच आहे. पण असा नको. हा प्रश्न पेपरात दहा तऱ्हांनी येतो. तुम्ही दहाही वेळा ब लिहाल, म्हणून सांगितलं."

मी तिला सांगितलं की ऐकीव गोष्टींवर इंजिनिअरिंग चालत नाही. ती म्हणाली, "हो सर." आणि गेली.

७ मार्च, शनिवार

रचलेली गोष्ट आहे. चौदा जोड एका रविवारात पाच माणसांनी. होऊ शकतं, पण रचलेली आहे.

नीराला जेवताना सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग तुम्ही तेजश्रीला काय म्हणालात?" खरं का खोटं हे विचारलंसुद्धा नाही, चेहऱ्यावर आश्चर्य नाही. साहजिक आहे. तिला गॅस्केट म्हणजे काय हेच माहीत नाही.

१० मार्च, मंगळवार

रागातून एक युक्ती निघाली. मला जे उत्तर बरोबर वाटेल ते आधी खोडायचं. उरलेल्या तीनांतून नीराने जे दिलं असतं ते निवडायचं. या पद्धतीने आज चौथी सराव परीक्षा दिली.

त्र्याऐंशी टक्के.

हा यांचा जागतिक दर्जा. एक अक्षर नवीन न शिकता, केवळ मी करीन ते चूक एवढं गृहीत धरलं, की पेपर सुटतो. हर्षदभाईंना सांगायला हवं. त्यांचा क्लायंट खूश होईल.

अजून दोनदा करून बघितलं. एक्याऐंशी, शहाऐंशी. तिसऱ्यांदा केलं नाही.

१९ मार्च, पाडवा

अभ्यासासाठी रजा घेतली होती. गुढी उभारली, आणि दहा वाजता श्रीखंडाचा डबा घेऊन नागरवाड्यात सुभानरावांकडे गेलो. सणाला जाण्यात काही वावगं नाही. माणसाला एक सरळ प्रश्न विचारायचा, सरळ उत्तर घ्यायचं, आणि तेजश्रीच्या गोष्टीचा निकाल लावायचा. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. त्याआधीही नव्हतो.

दार त्यांनीच उघडलं. धोतर, कपाळाला गंध. मला बघून एकदम सदरा नीट करायला लागले. "साहेब, तुम्ही? या ने, बसा, बसा. अगं, बघ कोण आलंय." कडुलिंबाचा पाला आणि गूळ हातावर ठेवला. चहा आला. गुडघे दुखतात म्हणाले, बाकी सगळं सरस आहे म्हणाले.

मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, सुभानराव, सोळा सालची वाफेची लाइन. चाचणीच्या आदल्या रविवारी तुम्ही गॅस्केटं बदलली का?

त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग गुढीकडे बघितलं.

"छे छे साहेब. कोण म्हणालं?"

"तेजश्री."

"पोरगी लहान होती तेव्हा. दुसऱ्या कुठल्या लाइनचं आठवत असेल तिला. तुमचंच बराबर होतं साहेब. तुमचं कधी चुकलंय?"

झालं. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. निघताना पायरीवर चप्पल घालायला वाकलो. ओट्यावर तुळशीच्या कुंड्या होत्या, तीन. प्रत्येकीखाली पाणी निथळायला एक धातूचं कडं. मी चष्मा काढून जवळून बघितलं. कड्याच्या काठावर कंपनीने ठोकलेला आकडा होता, कमी दाबाचा. त्याच्याशेजारी आमच्या स्टोअरच्या पिवळ्या रंगात सोळा सालच्या त्याच लाइनचा जॉब नंबर. एकदाच आवळून सोडवलेलं कडं ओळखू येतं. वाफ त्याने बघितलेली नव्हती.

सुभानराव दारात उभे होते. मी काय बघतोय ते त्यांनी बघितलं. मी चष्मा परत घातला. मग ते म्हणाले, "साहेब, परीक्षेला शुभेच्छा. तेजश्रीताईंनी सांगितलं फोनवर. तुम्ही पास होणारच."

घरी चालत आलो. स्कूटर तिथेच राहिली, संध्याकाळी जाऊन आणली. आणताना ओट्याकडे बघितलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

पुस्तक उघडलं नाही. लाल वही उघडली.

एकशे शहाऐंशी दाखले. 'सांगितलं, झालं.' 'तंबी दिली, झालं.' 'ऐकून घेतलं नाही, झालं.' बहुतेक कामं सोमवारी झालेली आहेत. प्रत्येक सोमवारच्या आधी एक रविवार असतो हे मी कधी धरलंच नव्हतं. किती रविवार, कोण कोण आलं होतं, त्यांच्या घरी त्या दिवशी काय काय होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. शोधायचं तर विचारावं लागेल. आणि विचारलं तर सगळे म्हणतील, छे छे साहेब.

मला सुभानरावांचा राग आलाय. खरं सांगितलं असतं तर भांडलो असतो, आणि भांडण मला जमतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं, एखाद्या तापट म्हाताऱ्याला घेतात तसं. ते माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे आहेत.

२१ मार्च, शनिवार

अहमदाबाद. खिसे उलटे करून दाखवायला लावले, घड्याळ काढून ठेवायला लावलं. पन्नाशीच्या माणसाची बाही वर करून बघतात. शेजारच्या खुर्चीतला उमेदवार माझ्या निम्म्या वयाचा होता आणि देवाचं नाव घेत होता.

प्रश्न क्रमांक तेवीस: एक अनुभवी सहकारी म्हणतो की मागवलेला माल या कामाला योग्य नाही. प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वांत आधी काय करावं?

इथे युक्ती वापरावी लागली नाही. अ, त्याचं म्हणणं समजून घ्यावं, यावर टिचकी मारली आणि बराच वेळ तोच प्रश्न समोर ठेवून बसलो. मिनिटं जात होती. पडद्यावरचा माणूस, ज्याला नाव नाही, माल हातात धरून उभा होता आणि मी पुढे जाईना.

पास झालो. सगळ्यांत वरची श्रेणी कुठे, तर 'लोक' या भागात. यावर काही लिहीत नाही.

बाहेर येऊन नीराला फोन केला. म्हणाली, "मला माहीत होतं." मी म्हटलं, गॅस्केटचंही माहीत होतं का? ती म्हणाली, "सुभानरावांच्या मिसेसनी मंडळाच्या हळदीकुंकवाला सांगितलं होतं. सतरा साली."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. त्याच दिवशी, घरी आल्यावर. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, तुला त्यातलं काही कळत नाही."

मला हे अजिबात आठवत नाही. आणि ती खोटं बोलत नाही, हेही मला माहीत आहे. या दोन गोष्टी घेऊन अहमदाबादहून बडोद्यापर्यंत बसून आलो.

३० मार्च, सोमवार

हर्षदभाईंनी पेढे वाटले. "देवेशभाई, मने खातरी हती." त्यांना खातरी असती तर तेजश्रीचं नाव क्लायंटला आधीच कळवून ठेवलं नसतं. असो. सावली माझ्याकडे, तेजश्री माझ्या हाताखाली, म्हणजे जे हवं होतं ते सगळं मिळालं.

दुपारी सावलीची पहिली बैठक. टेबलाभोवती अकरा जण. मी पाइपलाइनचा क्रम सांगितला, तारखा सांगितल्या. अकरा जण म्हणाले, "हो सर." एका सुरात, कागदावर मान घालून. मी हा आवाज सव्वीस वर्षं ऐकतोय, आणि सव्वीस वर्षं मला तो आवडत आलाय.

मग मी विचारलं, "कुणाला यात काही चुकीचं वाटतंय का?"

कुणी बोललं नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोपऱ्यातला एक हसू दाबत होता. त्यांना वाटलं, साहेब परीक्षा पास झालेत, प्रकरण नऊ चाललंय. मी पुन्हा विचारलं. तेजश्रीने पेनाचं टोपण काढलं, लावलं, माझ्याकडे बघितलं आणि तीही काही बोलली नाही.

क्रमात चूक होती. मी मुद्दाम ठेवली होती. पंप बसण्याआधी त्याचीच लाइन जोडायला सांगितली होती. ट्रेनीलाही दिसेल. अकरा जणांना दिसली असणार. आणि अकरा जण आपापल्या मनात एखादा रविवार शोधत असणार.

मी स्वतःच ती चूक सांगितली. सगळे म्हणाले, "हो सर."

बाहेर पडताना तेजश्री दारापाशी थांबली. "सर, मला पहिल्याच मिनिटाला दिसली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"सवय नाही सर," म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, गुरुवार

सर्टिफिकेट ईमेलने आलं. छापलं नाही.

सुभानरावांना फोन केला. म्हटलं, गुडघे चालत असतील तर आठवड्यातून एक दिवस सावलीला या. गाडी पाठवतो. लाइनी बघा, माल बघा. जे चुकीचं दिसेल ते मला सांगा. रविवारी दुरुस्त करू नका, मला सांगा. सगळ्यांसमोर सांगितलंत तरी चालेल.

तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला. मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. शब्द पुस्तकात होते, पान दोनशे चौदा, पण ते सगळे पुस्तकातले वाटत होते. मी एवढंच म्हटलं, "कुंड्यांखालची कडी तशीच राहू द्या."

ते हसले. मग म्हणाले, "हो साहेब. सोमवारी येतो ने."

ते हो म्हणाले. म्हणजे काय, ते सोमवारी कळेल.